वाळूंतला खेकडा आणि “जात” हा शब्द

(सुवार्तिकांच्या मासिक वर्गासाठीं धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग: उत्पत्ति १:२०-२७, स्तोत्र १०४:२४-२५, १ शमुवेल १६:७, प्रेषितांचीं कृत्यें १७:२६.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील सुवार्तिकांचा मासिक वर्ग भरला असतां एका बंधूनें आपली एक अडचण पुढें मांडली. तो म्हणाला, “पाळकसाहेब, मी एका गांवीं ओट्यावर बसून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचीत होतों. गांवांतले एक शिकलेले वृद्ध गृहस्थ ऐकत होते. वाचन संपल्यावर ते म्हणाले, ‘मास्तर, तुमचें शास्त्र तर आमच्याच बाजूनें बोलतें. देवानें मासे, पांखरें, जनावरें हीं सगळीं जातवार केलीं, असें तुम्हीं आतांच वाचलें. माशांच्या नि खेकड्यांच्या जाती देवानें केल्या, आणि माणसांच्या तेवढ्या माणसांनीं केल्या, हें कसें? ज्यानें त्यानें आपल्या जातींत राहावें, हेंच खरें.’ मला उत्तर सुचलें नाहीं. मीं पुस्तक मिटलें आणि दुसरें कांहीं बोलूं लागलों.”

वर्गांतील दुसऱ्या कोणासही उत्तर सुचलें नाहीं, आणि मींही त्या दिवशीं अर्धेंच उत्तर दिलें. पुरें उत्तर द्यावयाचें तर प्राण्यांविषयीं बोलतांना “जाति” ह्या शब्दाचा अर्थ काय होतो, हें आधीं नीट पाहिलें पाहिजे. त्या गृहस्थांनीं खेकड्याचें नांव काढलें, तर आपण एक खेकडाच हातीं घेऊं, त्याचीं अंगें तपासूं, विद्वान् लोक त्याची जाति कशी ठरवितात तें पाहूं, आणि मग त्या ओट्यावर परत जाऊं.

१. हा प्राणी कोठें राहतो

घाटावरच्या वाचकांनीं ओढ्याकांठचा खेकडा पाहिलेला आहे. कित्येकांनीं बिळांत हात घालून तो धरला असेल आणि बोटही चावून घेतलें असेल. त्याला पुढें दोन मोठ्या नांग्या, चालण्याचे आठ पाय, रुंद पाठ आणि पोटाखालीं घट्ट दुमडलेली एक झडप असते. मादीच्या झडपेखालीं कधीं कधीं अंडीं किंवा बारीक पिल्लें चिकटलेलीं दिसतात. हा ओळखीचा खेकडा मनांत ठेवावा, म्हणजे दुसरा समजण्यास सोपें जाईल.

आतां कोंकणांत पुळणीवर, म्हणजे समुद्रकांठच्या वाळूच्या पट्टीवर, चला. लाट वर येते, फुटते, आणि तिचें पाणी उतारावरून पुनः खालीं धांवतें. जेथें हें पाणी सारखें येत-जात असतें, त्याच ओल्या पट्टीत आमचा प्राणी राहतो. पाणी उतरतांना वाळूवर बारीक बारीक कोनासारख्या खुणा उमटलेल्या दिसल्या, तर तेथें ओंजळ घालून वाळू उचलावी. ओंजळींत अंड्याच्या आकाराचे, वाळूच्याच रंगाचे, गुळगुळीत जीव सांपडतात. मादी सुमारें एक-सव्वा इंच लांब असते. नर तिच्याहून लहान असतो. हा प्राणी चावत नाहीं. हातांत घेतल्याबरोबर तो मागें मागें सरकूं लागतो आणि बोटांच्या फटीत शिरावयास पाहतो, कारण उलटें खणीत वाळूंत बुडून जाणें एवढेंच त्याचें संरक्षण आहे. खालीं ठेवला तर कांहीं क्षणांत तो नाहींसा होतो. भरती आली म्हणजे तो पाण्याच्या पट्टीबरोबर वर सरकतो, ओहोटी लागली म्हणजे तिच्याबरोबर खालीं जातो.

शास्त्रज्ञ ह्याला एमेरिटा म्हणतात. इंग्रज लोक ह्याला मोल क्रॅब म्हणतात. मोल हा विलायतेंतील जमिनीखालीं बोगदे खणणारा एक प्राणी आहे. आपण ह्या धड्यांत वाळूखेकडा म्हणूं.

२. त्याच्या शरीराची रचना

कवच. पाठीवर एकच फुगीर, गुळगुळीत कवच असतें. पुढील बाजूस त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या असतात. दोन्ही बाजूंनीं तें खालीं वळून पायांवर छपरासारखें उतरतें. कोठेंही कोपरा किंवा अडसर नसल्यामुळें वाळू अंगावरून सहज सरकून जाते.

पाय. खेकडे, कोळंबी, शेवंड ह्या सर्वांना पायांच्या पांच जोड्या असतात. म्हणून त्यांच्या गणाला दशपाद म्हणतात. ओढ्यांतल्या खेकड्याच्या पहिल्या जोडीला नांग्या असतात. वाळूखेकड्याला नांगी मुळींच नाहीं. त्याच्या पहिल्या पायाचें टोक झाडाच्या पानासारखें चपटें असतें. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जोडीचे पाय आंखूड, वांकडे व रुंद असतात. तींच त्याचीं कुदळफावडीं. एवढे पाय मोजून पाहणारा म्हणतो, आठच झाले. पांचवी जोडी शोधावी लागते. ती दोऱ्यासारखी बारीक असून कवचाखालीं दुमडून ठेवलेली असते, आणि तिच्या टोकाला इवलासा चिमटा असतो. ही जोडी चालण्याच्या कामाची नाहीं. ती आंतील साफसफाईच्या कामाची आहे. हिची आठवण ठेवावी, कारण पुढें कुल ठरवितांना हीच साक्ष देणार आहे.

शेपूट. शरीराचा मागचा भाग पुढें दुमडून छातीखालीं घेतलेला असतो. त्याचा शेवटचा खंड भाल्याच्या पात्यासारखा लांब व टोंकदार असतो. त्याच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस वल्ह्यासारखीं उपांगें असतात. पोहतांना आणि वाळू ढवळून खालीं जातांना तीं उपयोगीं पडतात. मादीचीं अंडीं ह्या दुमडलेल्या शेपटाच्या आड, पोटाखालच्या बारीक उपांगांना चिकटलेलीं असतात.

डोळे व श्वास. डोळे अगदीं लहान असून लांब, बारीक दांड्यांच्या टोकांवर बसविलेले असतात. सर्व अंग वाळूखालीं असतां तेवढे डोळे वर राहतात. शृंगिकांच्या, म्हणजे मिशांसारख्या अवयवांच्या, दोन जोड्या असतात. पहिली जोडी आंखूड असते. तिच्या दोन्ही शृंगिका एकमेकींस लागून नळीसारख्या होतात, आणि त्या नळीवाटें स्वच्छ पाणी कल्ल्यांपर्यंत पोंचतें.

जेवण. शृंगिकांची दुसरी जोडी हें ह्या प्राण्याचें मुख्य वैशिष्ट्य. ती लांब असून पिसासारखी आहे. तिच्या दांड्यावर बारीक केसांच्या ओळी, आणि त्या केसांवरही केस. काम नसतें तेव्हां ती मुखाजवळच्या उपांगांखालीं गुंडाळून ठेवलेली असते. वाळूखेकडा वाळूंत तोंड समुद्राकडे करून बसतो. लाट वर येते तेव्हां तो स्वस्थ असतो. पाणी परत उतरूं लागलें कीं तो दोन्ही पिसें उलगडून त्या प्रवाहांत धरतो. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव त्या केसांत अडकतात. मग तो पिसें आंत ओढतो, मुखाजवळच्या उपांगांनीं खरवडून खातो, आणि पुढच्या लाटेची वाट पाहतो. वर ज्या कोनासारख्या खुणा सांगितल्या, त्या ह्याच पिसांनीं पाणी दुभंगल्यामुळें उमटतात.

पिल्लें. अंड्यांतून निघालेलें पिल्लूं आईसारखें मुळींच दिसत नाहीं. तें कांटेरी, पारदर्शक व अतिसूक्ष्म असून समुद्राच्या पाण्यांत तरंगत राहतें. कांहीं जातींत हा प्रवास कित्येक महिने चालतो. अनेक वेळां कात टाकून, रूपें पालटून, शेवटीं तें पुळणीवर येतें आणि वाळूंत शिरतें. आई आणि पिल्लूं शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर अजाण मनुष्य त्यांना दोन निराळ्या जाती म्हणेल.

आणखी एक नवल ह्याच प्रकारचें आहे. मद्रास विद्यापीठाचे टी. सुब्रमण्यम ह्यांनीं १९८१ सालीं दाखवून दिलें कीं, मद्रासच्या किनाऱ्यावरील वाळूखेकड्यांत लहानपणीं नर असलेला प्राणी वाढल्यावर मादी होतो. ह्यावरून मोठा तो एका जातीचा आणि लहान तो दुसऱ्या जातीचा, असें म्हणतां येत नाहीं. आकार, रंग आणि पहिल्या दृष्टींत भरणारें रूप ह्यांवर जो विसंबतो तो फसतो.

३. त्याचें कुल कसें ठरतें

प्राणिशास्त्रज्ञ सर्व जीवांची मांडणी उतरंडीसारखी करतात. सर्वांत मोठा संघ, त्यांत वर्ग, वर्गांत गण, गणांत कुल, कुलांत प्रजाति, आणि प्रजातींत जाति. आमचा वाळूखेकडा सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या संघांत येतो. विंचू, टोळ व मधमाशी हींही त्याच संघांतलीं. त्या संघांतील कवचधारी प्राण्यांत, आणि त्यांतील दशपाद गणांत त्याची जागा आहे.

दशपाद गणांत पुढें भेद पडतात. ओढ्यांतला खेकडा व समुद्रांतली चिंबोरी हे खरे खेकडे. त्यांचा एक विभाग आहे. वाळूखेकडा त्या विभागांत बसत नाहीं. तीन साक्षी पाहा. पहिली, त्याच्या पांचव्या पायांची जोडी खुजी होऊन कवचाखालीं दडलेली आहे. खऱ्या खेकड्यांत ती साधारणतः चालण्याच्या कामीं येते. दुसरी, त्याच्या शेपटाला वल्ह्यांसारखीं उपांगें आहेत. खऱ्या खेकड्यांच्या झडपेला तीं साधारणतः नसतात. तिसरी, त्याच्या शृंगिकांची मोठी जोडी डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूस असते. खऱ्या खेकड्यांत ती आंतल्या बाजूस असते. ह्या खुणांवरून तो रिकाम्या शंखांत घर करून राहणाऱ्या खेकड्यांच्या विभागांत पडतो. नांवानें खेकडा, पण ओढ्यांतल्या खेकड्यापेक्षां शंखवासी त्याचा जवळचा नातलग. नांव एक म्हणून घराणें एक ठरत नाहीं.

त्या विभागांत हिप्पिडी नांवाचें कुल आहे. त्याच्या दोन प्रजाती एकमेकींशीं सहज घोंटाळ्यांत पडतात: एमेरिटा व हिप्पा. दोघींचेंही अंग अंड्यासारखें, दोघीही वाळूंत उलट्या शिरतात. परंतु हिप्पाच्या पहिल्या पायाचें टोक अरुंद व निमुळतें असतें आणि तिच्या शृंगिका आंखूड असतात. तिला पाणी गाळून खातां येत नाहीं, म्हणून ती लाटेबरोबर वाहत आलेल्या जीवांचे तुकडे धरून खाते. एमेरिटाच्या पायाचें टोक पानासारखें आणि शृंगिका पिसासारख्या. ह्या दोन खुणा पाहिल्या म्हणजे प्रजाति निश्चित होते.

४. एका प्रजातींत अनेक जाती

स्वीडन देशाचा विद्वान् लिनीअस ह्यानें १७६७ सालीं ह्या प्राण्यांपैकीं एकाचें वर्णन करून त्याला “एमेरिटस” असें जातीचें नांव दिलें. लॅटिन भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ सेवा पुरी करून मोकळा झालेला शिपाई असा आहे. परंतु लिनीअसनें खेकडे, शेवंड, कोळंबी व शंखवासी ह्या सर्वांना खेकड्याच्या एकाच प्रजातींत घातलें होतें. पुढें स्कोपोली नांवाच्या विद्वानानें १७७७ सालीं एमेरिटा ही प्रजाति निराळी काढली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जातीचें वर्णन थॉमस से ह्यानें १८१७ सालीं केलें, पश्चिम किनाऱ्यावरच्या जातीचें स्टिंप्सन ह्यानें १८५७ सालीं केलें, आणि वॉल्डो श्मिट ह्यानें १९३५ सालीं आणखी कित्येक जाती निवडून दाखविल्या. आपल्या देशांतील के. एन. संकोळी ह्यांनीं १९६५ सालीं भारताच्या किनाऱ्यावरची एक जाति नवी म्हणून ओळखली, आणि नेदरलंड्समधील कवचधारी प्राण्यांचे अभ्यासक होल्टहुइस ह्यांच्या सन्मानार्थ तिला “होल्टहुइसी” हें नांव दिलें. कराचीच्या नांवाची जाति १९७४ सालीं, तैवानच्या नांवाची २०१५ सालीं लिहिली गेली. आज सर्व मिळून दहाहून कांहीं अधिक जाती मानल्या जातात.

ह्या जातींतील भेद रस्त्यानें जाणाऱ्याला दिसत नाहींत. पहिल्या पायाच्या पानाचें टोक गोल कीं अणकुचीदार, कवचाच्या कपाळावरील दांत्यांची ठेवण कशी, असल्या बारीक खुणा भिंगाखालीं पाहाव्या लागतात. आणि एक-दोन नमुने पाहून भागत नाहीं, पुष्कळ पाहावे लागतात. पूर्वीं ज्यांना दोन मानलें त्या पुढें एक ठरल्या, आणि एक मानलेल्या दोन ठरल्या, असें प्राणिशास्त्रांत अनेकदां झालें आहे.

तर जाति म्हणजे काय? जर्मनींत जन्मलेले व पुढें अमेरिकेंत राहिलेले प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर ह्यांनीं १९४२ सालीं जी व्याख्या मांडली तिचा भावार्थ असा: ज्या प्राण्यांची आपसांत प्रजा होते आणि ती प्रजा पुढेंही वाढते, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव ह्यांचें उदाहरण खेड्यांतल्या माणसाला सांगावयास नको. त्यांचें खेंचर होतें, ओझें वाहतें, पण सहसा वांझ राहतें. म्हणून घोडा एक जाति आणि गाढव दुसरी. उलट काठेवाडी घोडा व दख्खनी तट्टू ह्यांचा वंश पुढें चालतो. म्हणून रंग, उंची व डौल ह्यांत कितीही अंतर असलें तरी ते एकाच जातीचे.

५. मनुष्याची जाति कोणती?

आतां आपण ओट्यावर परत जाऊं. त्या गृहस्थांनीं “जात” हा एकच शब्द दोन अर्थांनीं वापरला. प्राणिशास्त्रांतील जाति अंगांत असते. ती भिंगानें पाहतां येते आणि वंशानें तपासतां येते. गांवांतील जात अंगांत नसते. ती विचारल्याशिवाय कळत नाहीं, हीच तिची ओळख. वाळूखेकड्याला त्याची जाति कोणी विचारीत नाहीं. त्याचा पाय पाहतात. परक्या गांवांतून आलेल्या मनुष्याला मात्र विचारावें लागतें, कारण त्याच्या हातांत, डोळ्यांत किंवा रक्तांत ती कोठेंच लिहिलेली नाहीं.

मायरच्या व्याख्येनें पाहिलें तर पृथ्वीवरील सर्व मनुष्यें एका जातीचीं आहेत. मनुष्याच्या पेशींतील वंशलेख वाचण्याचें मोठें काम २००३ सालीं पुरें झाल्याचें जाहीर झालें. त्या लेखाचीं हजार अक्षरें घेतलीं, तर कोणत्याही दोन मनुष्यांत साधारणपणें नऊशें नव्याण्णव सारखींच निघतात.

येथें विद्वानांच्या चुकाही प्रामाणिकपणें सांगितल्या पाहिजेत. लिनीअसनें १७५८ सालीं सर्व मनुष्यांना एका जातीचें नांव दिलें हें खरें. पण त्यानेंच खंडांवरून व कातडीच्या रंगावरून मनुष्यांचे भाग पाडले आणि एकेकाला स्वभावाचे गुणदोष वाटून दिले. ज्या हातानें त्यानें कोळंबी व खेकडा एका टोपलींत टाकले, त्याच हातानें भावाभावांना निरनिराळ्या टोपल्यांत घातलें. आपल्या देशांत १९०१ सालच्या खानेसुमारीचे अधिकारी हर्बर्ट रिस्ले ह्यांनीं लोकांचीं नाकें मोजलीं, आणि नाकाच्या रुंदीवरून जातींचा उच्चनीचपणा कळतो असें सांगितलें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १९४८ सालच्या “दि अनटचेबल्स” ह्या ग्रंथांत नाकांच्या मापांचेच आंकडे घेऊन उलट दाखविलें कीं, त्या मापांवरून ब्राह्मण व अस्पृश्य ह्यांचे वंश भिन्न ठरत नाहींत. खेकड्याच्या बाबतींत ज्याची नजर चुकते तो एक नांव चुकीचें लिहितो. माणसाच्या बाबतींत ज्याची नजर चुकते तो कोणाला तरी विहिरीवरून हांकलतो.

आतां शास्त्र उघडा आणि त्या बंधूनें जेथें पुस्तक मिटलें तेथून पुढें वाचा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत झाडें, जलचर, पक्षी, गुरें व रांगणारे प्राणी ह्यांच्याविषयीं जातीचा उल्लेख पुनः पुनः आला आहे. परंतु २६ व २७ ह्या वचनांत, मनुष्याच्या उत्पत्तीची गोष्ट येते तेथें, तो उल्लेख नाहीं. बोट ठेवून वाचा. तो सांपडणार नाहीं. जातीच्या ठिकाणीं तेथें दुसरी गोष्ट सांगितली आहे: देवानें मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा केला, नर व नारी अशीं तीं केलीं. वृद्ध गृहस्थांनीं अध्याय लक्षपूर्वक ऐकला होता, पण शेवट त्यांच्या कानांवरून गेला. आणि आमच्या बंधूच्याही गेला. प्रेषित पौलानें अथेन्स शहरांत विद्वानांपुढें हीच गोष्ट सांगितली, कीं सर्व राष्ट्रें एकापासून झालीं.

सुवार्तिकांनीं एक सावधगिरी ठेवावी. “प्राणिशास्त्रानें आमचें म्हणणें सिद्ध केलें,” असें फुशारकीनें सांगूं नये. मनुष्य एका जातीचा आहे एवढें प्राणिशास्त्र सांगतें. त्या एका जातींतल्या शेजाऱ्यावर प्रीति करावी, हें तें सांगत नाहीं. तें त्याचें कामही नव्हे. तें सांगणारा दुसरा आहे.

६. आपल्या मंडळींत

त्या दिवशीं मीं अर्धेंच उत्तर कां दिलें, हें आतां सांगितलें पाहिजे. उत्तर मला येत नव्हतें असें नाहीं. तें देतांना माझी जीभ अडखळली.

कांहीं वर्षांपूर्वीं एका मंडळींत एका मुलाचें व मुलीचें लग्न ठरत होतें. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला, दोघेंही एकाच बांकावर शाळा शिकलेलीं. बोलणीं होत आलीं असतां मुलीकडच्या एका वडील माणसानें विचारलें, “मुलाचे आजोबा ख्रिस्ती होण्यापूर्वीं कोण होते?” उत्तर मिळालें, आणि बैठक गप्प झाली. मग सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं म्हटलें, “हा घरचा प्रश्न आहे, घरच्यांनींच ठरवावा.” त्यांनीं ठरविलें. मुलगी दुसरीकडे दिली गेली. मुलगा पुढें उपासनेस येईनासा झाला. त्याची आई अजून येते आणि शेवटच्या बांकावर बसते.

ओट्यावरच्या गृहस्थांना मी काय उत्तर देणार होतों? ते खेकड्यांच्या जातीवरून माणसांच्या जाती सिद्ध करूं पाहत होते, आणि मीं तर भर मंडळींत, प्रभूच्या मेजाला लागून असलेल्या खोलींत, तोंड बंद ठेवून तेंच सिद्ध केलें होतें. शमुवेल संदेष्टा इशायाच्या थोरल्या मुलाची उंची पाहून फसला, तेव्हां देवानें त्याला अडविलें. मला कोणी अडविलें नाहीं असें मी म्हणूं शकत नाहीं. मला तीं वचनें पाठ होतीं.

मासिक वर्गाच्या पुढच्या आठवड्यांत मी त्या आईच्या घरीं गेलों आणि माझी चूक तिच्यापाशीं कबूल केली. मुलगा घरीं नव्हता. मी पुनः जाणार आहें. आमच्या मंडळीच्या वडिलांसही मीं सांगितलें आहे कीं, ह्यापुढें माझ्यासमोर लग्नाच्या बोलण्यांत हा प्रश्न निघाला तर मी गप्प बसणार नाहीं.

ज्या बंधूला उत्तर सुचलें नव्हतें त्यानें त्याच ओट्यावर पुनः जावें. त्या वृद्ध गृहस्थांशीं वाद घालूं नये, त्यांचा मान राखावा, कारण त्यांनीं प्रश्न खरा विचारला. ओढ्यांतला एक खेकडा दाखवून बोलणें सुरू करावें. अध्याय पुनः वाचावा, आणि २७ व्या वचनाच्या शेवटापर्यंत वाचावा. त्यांनीं विचारलें, “मग तुमच्या ख्रिस्ती लोकांत जात पाहात नाहींत काय?” तर खोटें बोलूं नये. “पाहतात, आणि तें पाप आहे असें आम्हांला आमच्याच पुस्तकानें दाखविलें आहे,” असें सांगावें.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. ओढ्यांतला खेकडा व वाळूखेकडा ह्यांत कोणते तीन भेद आहेत? पांचवी जोडी शोधल्याशिवाय उत्तर कां चुकतें?

२. वाळूखेकडा लाट वर येतांना खातो कीं खालीं जातांना? कोणत्या अवयवानें?

३. घोडा, गाढव व खेंचर ह्यांच्या उदाहरणावरून “जाति” ह्या शब्दाचा प्राणिशास्त्रांतील अर्थ सांगा.

४. उत्पत्ति १:२०-२७ वाचून जातीचा उल्लेख कोठें कोठें आहे व कोठें नाहीं, तें वहींत लिहा.

५. आपल्या मंडळींत लग्न, पंगत किंवा पाणी ह्यांच्या वेळीं हा जुना प्रश्न अजून कोण विचारतो? आपण तेव्हां काय बोललों? ह्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देण्याची गरज नाहीं. प्रत्येकानें तें देवापुढें द्यावें आणि ज्याचें मन दुखावलें असेल त्याच्या घरीं जावें.